अंगावरून गेलेले वारे

आपल्या घरांतून पूर्वी एक वाक्य वरचेवर कानी पडे. ‘अमक्यांच्या अंगावरून वारे गेले हो!’ कुणाचा हात लुळा पडला, पाय ओढू लागला, तोंड एका बाजूस वाकडे झाले, की शेजारची एखादी आजी आवाज खाली आणून एवढेच म्हणे, आणि ऐकणारा चुकचुकून आपल्या कामाला लागे. डॉक्टर आणि वैद्य या दुखण्याला पक्षाघात म्हणत. पण घरात चालणारा शब्द वाऱ्याचाच. शब्द चित्रमय आहे यात शंका नाही. मला मात्र अलीकडे तो ऐकला की धास्ती वाटते. वारा कुठून आला आणि कुठे गेला, याचा जाब कोण कुणाला विचारणार? तो यायचा होता, आला. जायचा होता, गेला. मग त्यासाठी धावपळ तरी कशाला करायची? या एका शब्दाने किती पिढ्यांना हातावर हात ठेवून बसायला शिकवले असेल, कुणास ठाऊक!

फराळाचे ताट पुढे असताना हे दुखण्याचे पुराण कशाला, असे आमच्या काही वाचकभगिनींना वाटेल. त्यांचे वाटणे रास्त आहे. पण एक तर २९ ऑक्टोबर हा दिवस जगभर पक्षाघात दिन म्हणून पाळतात आणि तो बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो. दुसरे असे की, वर्षभर चार गावी पांगलेले घर या चार दिवसांत एका छपराखाली येते. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवायची एक गोष्ट मला सांगायची आहे. त्यासाठी याहून बरा मुहूर्त मला दिसत नाही.

तर हे वारे म्हणजे काय? मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात. त्यांतल्या एखादीत रक्ताची गुठळी अडकली, म्हणजे पुढच्या भागाचे पाणी तुटते. दहांतल्या आठ रोग्यांच्या बाबतीत साधारण असेच घडते. उरलेल्यांत नळी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोघे अगदी सारखे दिसतात. तेच वाकडे तोंड, तोच लुळा हात. उपाय मात्र एकदम उलटे. एकाची गुठळी विरघळवायची, तर दुसऱ्याचे रक्त थांबवायचे. जिवंत माणसाच्या कवटीच्या आत डोकावून हा फरक सांगणारे यंत्र फार उशिरा आले. विंबल्डनच्या एका इस्पितळात १ ऑक्टोबर १९७१ रोजी हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रोगिणीच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र काढले. त्या कामाचा त्यांना १९७९ साली नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. आज आपण ‘सीटी काढून आणा’ हे वाक्य इतक्या सहज ऐकतो, पण त्याच्या आधीच्या डॉक्टरांना पुष्कळसे अंदाजानेच चालावे लागे.

चित्र आले तरी औषध नव्हते. तेही आले. गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून तीन तासांच्या आत दिले, तर पुष्कळ रोगी पांगळे होण्यावाचून वाचतात, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी १९९५ च्या डिसेंबरात दाखवून दिले. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली आणखी मोठी मजल मारली गेली. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत सरकवायची आणि अडकलेली मोठी गुठळी ओढून काढायची, या उपायाचा गुण निर्विवाद सिद्ध झाला. निवडक रोग्यांना तो चोवीस तासांपर्यंत लागू पडतो, हे २०१८ साली कळले. ज्या दुखण्याला आपल्या आजोबांच्या काळी देवाचे नाव घेण्यापलीकडे उपाय नव्हता, त्याला आता उपाय आहे. अट एकच. उपाय घड्याळाला बांधलेला आहे.

किती घट्ट बांधलेला आहे, याचा हिशेब जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली मांडून ठेवला आहे. मोठी नळी तुंबून होणाऱ्या नेहमीच्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. मिनिटाला! म्हणजे तासाला अकरा कोटींहून अधिक. ‘जरा पडू दे त्यांना, उठल्यावर बघू’ असे म्हणून आपण रोग्याच्या अंगावर चादर घालतो आणि चहाचे आधण ठेवतो, तेवढ्या अवकाशात कुणाची सही गेलेली असते, कुणाचे बोलणे गेलेले असते, कुणाचे पेटीवर फिरणारे बोट गेलेले असते.

आता हे घड्याळ मनात ठेवून २०२० च्या वसंत ऋतूकडे वळू. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची महासाथ जाहीर केली. २५ मार्चपासून आपल्याकडे टाळेबंदी लागली. मुंबईच्या लोकल गाड्या, ज्या पावसाखेरीज कुणाला भीत नाहीत, त्याही थांबल्या. १५ जूनला त्या पुन्हा धावल्या, पण अत्यावश्यक सेवकांपुरत्याच. त्या दिवसांचे वर्णन मी करीत बसत नाही. आपण सगळ्यांनी ते घरोघर भोगले आहे.

नवल असे घडले की, त्या महिन्यांत पक्षाघाताचे रोगी इस्पितळांतून दिसेनासे झाले. अमेरिकेतील ८५६ इस्पितळांत पक्षाघाताच्या संशयाने मेंदूची चित्रे काढलेल्या रोग्यांची मोजदाद झाली. फेब्रुवारी २०२० च्या मानाने मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांची संख्या ३९ टक्क्यांनी घटलेली आढळली. आपल्या देशातल्या तेरा मोठ्या केंद्रांनी आपले आकडे एकत्र केले, तर टाळेबंदीत येणारे रोगी सुमारे साठ टक्क्यांनी कमी झालेले दिसले, आणि गुठळीचे औषध मिळालेले त्याहूनही थोडे अधिक कमी. पुढे ७० देशांतल्या ४५७ केंद्रांनी साथीपूर्वीच्या चार महिन्यांशी साथीच्या पहिल्या चार महिन्यांचा ताळा घातला. आधी ९१,३७३ रोगी दाखल झाले होते, नंतर ८०,८९४. दहा हजारांहून अधिक माणसे हिशेबातून गेली!

लोकांना पक्षाघात होईनासा झाला काय? तसे समजायला जागा नाही. उलट करोना रक्तात गुठळ्या करतो, हे त्याच सुमारास ध्यानात येत होते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एप्रिल २०२० मध्ये पन्नाशीच्या आतल्या पाच रोग्यांची हकीकत छापली. पाचही जणांना करोना झालेला, आणि पाचही जणांच्या मेंदूतली मोठी नळी तुंबलेली. तेव्हा दुखणे होतेच. रोगी होते घरात. चादर पांघरून.

हाँगकाँगच्या एका विद्यापीठीय इस्पितळातल्या डॉक्टरांची छोटी पाहणी मला या बाबतीत फार बोलकी वाटते. तिथे करोनाचा पहिला रोगी २३ जानेवारी २०२० ला नक्की झाला. त्या दिवसापासूनचे दोन महिने त्यांनी आदल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताडून पाहिले. पूर्वी झटका आल्यापासून इस्पितळाच्या दारापर्यंत यायला मधल्या रोग्याला ९५ मिनिटे लागत. आता १५४ लागली. साडेचार तासांच्या आत पोहोचणारे पूर्वी शंभरात ७२ होते, ते ५५ वर आले. अर्धा तास टिकून आपोआप ओसरणारा जो हलका झटका असतो, आणि जो खरे म्हणजे मोठ्या झटक्याची आगाऊ चिठ्ठी असतो, तो घेऊन येणारे शंभरात १६ होते, ते अवघे ४ उरले. हाँगकाँगचे रस्ते त्या वेळी आपल्यासारखे बंद नव्हते. म्हणजे हा सगळा उशीर रस्त्यावर झाला असे म्हणता येणार नाही. उंबरठ्याच्या आत तो बराचसा झाला असला पाहिजे.

उंबरठ्याच्या आत काय होते, हे मला आमच्या ओळखीच्या एका घराने सांगितले. ठाण्याच्या बाजूला राहणारे हे कुटुंब. बँकेतून निवृत्त झालेले वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात. आई, मुलगा, सून आणि शाळकरी नात. एप्रिल २०२० मधली सकाळ. नाना चहा घेत होते. कप हातातून निसटला. नाना त्याकडे बघत राहिले आणि काहीतरी बोलले, ते कुणालाच कळले नाही.

“अहो, काय झालं?” आईंनी विचारले.

नानांनी पुन्हा काहीतरी म्हटले. शब्द तोंडात घोळले.

सून म्हणाली, “आई, नानांचं तोंड थोडं वाकडं वाटतंय. दवाखान्यात नेऊ या का?”

मुलाने खिडकीतून खाली पाहिले. समोरच्या इमारतीला आदल्याच दिवशी पालिकेने दोरी बांधली होती. तो म्हणाला, “इस्पितळात नेलं तर तिथेच लागण व्हायची. नानांचं वय एकाहत्तर. एकदा आत घेतलं की आपल्याला भेटूसुद्धा देत नाहीत म्हणे. थोडा वेळ बघू या.”

“रात्री झोपले नव्हते नीट,” आई म्हणाल्या. “थकवा असेल. पडू दे जरा.”

त्या वाक्यांत प्रेमाखेरीज दुसरे काही नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. नानांना पलंगावर निजवले. ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, त्यांना फोन लागायला दहा वाजले. त्यांनी ‘ताबडतोब न्या’ म्हटले. गाडी मिळवणे, पोलिसांच्या नाक्यावर उभे राहणे, एका ठिकाणी ‘आधी करोनाचा तपास करून या’ हे ऐकून परत फिरणे, दुसरे इस्पितळ गाठणे, यांत दुपारचे दोन वाजले. सीटीत गुठळी दिसली. पण कप निसटला तेव्हा सात वाजले होते. औषधाची वेळ टळून गेली होती, आणि गुठळी ओढून काढण्याची सोय त्या इस्पितळात नव्हती. नाना वाचले. घरी आले. करोना त्यांना झाला नाही. मात्र ज्या उजव्या हाताने छत्तीस वर्षे खातेवह्या लिहिल्या, त्या हाताने त्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नाही.

ही हकीकत ऐकून मुलाला दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. इस्पितळाची भीती आपल्याकडे आजची नाही, तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. सरकारी माणसे रोगी हुडकून, वेगळे काढून इस्पितळात नेऊ लागली. लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, संदुकीआड लपवले. त्याच ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आत नेलेला माणूस बाहेर येत नाही, अशी लोकांची समजूत झाली होती, आणि त्या काळच्या प्लेगपुढे ती अगदीच निराधार नव्हती. गंमत पाहा, ते आर्थर रोडचे इस्पितळ म्हणजेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. मार्च २०२० मध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रोगी ठेवले गेले, तेही तिथेच. जागा तीच राहिली आणि दाराबाहेरची धडधडही.

पण एक फरक झाला आहे, आणि सगळा मुद्दा त्या फरकात आहे. १८९६ साली घरी राहणाऱ्या प्लेगच्या रोग्याचे इस्पितळावाचून फार काही बिघडत नव्हते; इस्पितळाजवळ तरी त्याला द्यायला काय होते? २०२० साली पक्षाघाताच्या रोग्यासाठी इस्पितळाजवळ औषध होते, फक्त ते काही तासांपुरतेच होते. घरी बसून करोना टळेल कदाचित. झटका मात्र टळत नाही, तो तर येऊन बसलेलाच असतो. मुलाने एका पारड्यात लागण होण्याची शक्यता टाकली. दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. तो वाऱ्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला. घड्याळाची गोष्ट त्याच्या कानावर आली नव्हती.

इस्पितळांनी काय केले, तेही सांगितले पाहिजे. करोनाचा तपास करून अहवाल हाती येईपर्यंत थांबायचे म्हटले, तर मेंदू थांबत नाही. न थांबता रोगी घ्यायचा म्हटले, तर डॉक्टर, परिचारिका आणि सीटीचा कारागीर यांना लागण होऊन उद्या सगळा विभागच बंद पडतो. या पेचातून टोरांटोच्या सनीब्रुक इस्पितळातल्या डॉक्टरांनी काढलेली वाट एप्रिल २०२० च्या पहिल्या तारखेस प्रसिद्ध झाली आणि ती पुष्कळ ठिकाणी उचलली गेली. तिचे सूत्र सोपे आहे. आलेल्या प्रत्येकाला करोना असू शकतो, असे धरून चालायचे. अहवालासाठी अडून राहायचे नाही. रोग्याच्या तोंडाला आधी मास्क बांधायचा. जवळ लागतील तेवढीच माणसे ठेवायची. प्रत्येकाचे काम आधीच वाटून द्यायचे. आणि एका माणसाने दुसरे काहीही न करता, अंगरखे, हातमोजे, चष्मे नीट चढले-उतरले की नाही, एवढेच बघायचे. उत्तर इटलीतल्या लोम्बार्दी प्रांतात त्याआधीच, मार्चमध्ये, साथीने इस्पितळे ओसंडत असताना पक्षाघात आणि हृदयविकार यांसारख्या तातडीच्या दुखण्यांसाठी ठराविक इस्पितळे वेगळी राखून ठेवली, म्हणजे रोग्याची गाडी दारोदार फिरू नये. आपल्याकडेही केंद्र सरकारने टाळेबंदीच्या दिवशीच, २५ मार्च २०२० रोजी, फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे रीतसर नियम लागू केले.

हे सगळे एका दिवसात सुरळीत झाले, असे नाही. अंगरखे चढवण्यात मिनिटे जात. एका रोग्यानंतर सीटीची खोली पुसून काढण्यात वेळ जाई. अर्धे कर्मचारी स्वतःच विलगीकरणात असत. नानांच्या मुलाला ‘आधी तपास करून या’ म्हणून परत पाठवले गेले, हे तर अन्यायाचेच झाले. पण त्याच्या सात तासांचा जमाखर्च मांडून पाहा. त्यातले पहिले तीन तास घरातच गेलेले आहेत. डॉक्टरांच्या चुका डॉक्टर सुधारतील. ते तीन तास वाचवणे मात्र आपल्याच हाती आहे.

ते वाचवता येतात, याचा दाखला त्याच इमारतीत मिळाला. नानांची कथा जिन्यावरून सगळ्यांपर्यंत पोहोचली होती. सप्टेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना एका अंगावर कलल्या. त्यांच्या सुनेने त्यांना धरून बसवले आणि म्हटले, “आई, हसून दाखवा बघू.” अर्धेच तोंड हसले. “दोन्ही हात वर करा.” डावा हात निम्म्यात खाली आला. “आज वार कोणता?” उत्तराऐवजी नुसता आवाज. सुनेने भिंतीकडे पाहिले. पावणेसात. तिने तो आकडा आपल्या तळहातावर पेनाने लिहिला आणि १०८ ला फोन केला. नानांच्या सुनेने तोवर खाली जाऊन फाटक उघडून ठेवले होते.

इस्पितळाच्या दारात अंगभर झाकलेली माणसे, ताप बघणारे पिस्तूल, काकूंच्या तोंडावर मास्क. एकच नातेवाईक आत. नखशिखान्त अंगरख्यात गुंडाळलेल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “शेवटच्या धड केव्हा होत्या?” सुनेने हात पुढे केला. साडेआठ वाजता औषध शिरेत गेले. करोनाचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. आठ दिवसांनी काकू हातात काठी घेऊन आपल्या पायांनी जिना चढल्या. प्रत्येकाच्या बाबतीत असेच होते, असे मी म्हणणार नाही. हे औषध सगळ्यांना चालत नाही आणि सगळ्यांना गुण येतो असेही नाही. पण ज्याला चालते, त्याला ते वेळेवर मिळाले पाहिजे, एवढे तरी आपण करू शकतो.

तेव्हा यंदा दिवाळीच्या निमित्ताने एक कागद करा, अशी माझी विनंती आहे. मुलामुलींपैकी ज्याचे अक्षर चांगले असेल त्याला लिहायला बसवा. वर मोठ्या अक्षरांत १०८ लिहा. त्याखाली, आपल्या घराजवळ रात्री-बेरात्री सीटी निघते आणि गुठळीचे औषध देतात, असे इस्पितळ कोणते, ते आत्ताच फोन करून विचारा आणि लिहा. जवळचे म्हणून जिथे सीटीच नाही अशा ठिकाणी आधी गेले, तर एक तास तिथे गहाण पडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांची रोजची औषधे लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्याखाली रेघ ओढा, कारण डॉक्टर ती पहिल्याने विचारतात. मग तीन परीक्षा लिहा. हसायला सांगा, हात उचलायला सांगा, बोलायला सांगा. एकही बिघडलेली दिसली, एकाएकी तोल गेला किंवा दिसेनासे झाले, की घड्याळ बघा आणि निघा. पाच मिनिटांत सगळे ठीक झाले तरीही निघा. झोपेतून उठतानाच हात लुळा दिसला, तर रात्री शेवटचे धड केव्हा पाहिले ती वेळ सांगा, आणि ‘आता उशीर झाला’ हा निकाल आपण देऊ नका. काही रोग्यांना तशा वेळीही उपाय करता येतो, हे २०१८ पासून ठाऊक झाले आहे.

काय करू नये, तेही लिहा. चहा, पाणी, गोड, काहीही पाजू नये. गिळणे बिघडलेले असते, घोट श्वासनळीत जातो. तेल चोळत बसू नये. कुणाच्या सांगण्यावरून रक्त पातळ करणारी गोळी देऊ नये. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीवाचून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने देऊ नये.

हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. साथ आज ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी तिची आणीबाणी संपल्याचे सांगितले. पण साथी काय, पुन्हा येतात. १८९६ नंतर १९१८ आली, मग २०२० आली. पुढची येईल तेव्हा इस्पितळाच्या दारात पुन्हा अंगभर झाकलेली माणसे उभी असतील, आणि आपले पाय पुन्हा घरात घोटाळतील. भीतीच्या वेळी विचार सुचत नाही, आधी लिहून ठेवलेले मात्र वाचता येते. आणि साथ नसली तरी, रात्री अडीच वाजता ‘कशाला उगीच सगळ्यांना उठवायचे’ हा संकोच साथीपेक्षा कमी घातक नाही.

राहता राहिले नाना. टाळेबंदीत व्यायाम शिकवणारे घरी येईनात, त्यामुळे त्यांचे पहिले महिने वाया गेले. पुढे ते नेटाने मागे लागले. मी त्यांना लुई पाश्चरची गोष्ट सांगितली होती. ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चरांच्या डाव्या अंगावरून हेच वारे गेले, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस त्यांनी त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८५ साली माणसाला टोचली. नाना ऐकून हसले, दोन्ही बाजूंनी नव्हे, पण हसले. आता ते डाव्या हाताने लिहितात. त्यांच्या घरच्या कागदावर १०८ हा आकडा त्यांनीच डाव्या हाताने काढला आहे. थोडा वेडावाकडा आहे, पण दारातून वाचता येतो.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि आरोग्याची जावो.